सुकदेवची कच्छी माती

सुकदेव गेल्याचं त्याच्या मुलीनं दारात उभं राहूनच सांगितलं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तो मला कधीच विचारणार नाही... त्या विचाराची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघं खानदेशातले. सुरतेत एकाच मराठी शाळेत शिक्षक, आणि भेस्तानला एकाच इमारतीत वर-खाली राहणारे. तो विज्ञान शिकवायचा. सुट्टीत कच्छला जायचा आणि गोण्या भरून माती आणायचा. तिथं सखल खाऱ्या जमिनीत लाणो नावाचं जाड पानांचं झुडूप वाढतं, वर दगडी टेकडीवर गुग्गुळ. ही वाटणी उंची करते की माती, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून अंगणात पत्र्याची पिंपं मांडून त्यानं दोन्ही झुडपं दोन्ही मातींत लावली. इथं उंची सगळ्यांना सारखीच. "उंची नुसतं मीठ खाली धाडत असावी, पावसाबरोबर," तो म्हणायचा. "पण हा संशय झाला, भाऊ. पुरावा नाही." त्या पुराव्यासाठी तो वर्षानुवर्षं थांबला होता. शेजारी चिडवायचे, "सर, सोनं निघालं का?"

मग प्लेग आला. अर्धी गल्ली गावी पळाली. आमचंही सामान बांधून झालं होतं. पिंपांमागे मेलेला उंदीर सापडला. उंदीर तेव्हा कुठंही सापडत होते, पण मला त्या बाहेरच्या मातीचाच संशय आला. सफाईची माणसं आली, तेव्हा मुकादमानं विचारलं, "आ माटी कोनी छे?"

"कोणाचीच नाही," मी म्हणालो. "करा साफ."

त्यांनी झुडपं उपटून जाळली, पिंपं एकाच ढिगावर उपडी केली, वर पांढरी पावडर मारली. खालची खारी माती आणि वरची टेकडीची माती एक झाली. मी नंदुरबारची गाडी पकडली.

परतलो तेव्हा सगळे सफाईवाल्यांना शिव्या देत होते. मीही दिल्या. सुकदेव ढिगाशी बसला होता. "आते माटी एकच व्हयनी," एवढंच अहिराणीत बोलला. त्याला कळलं होतं का? पुढं त्यानं चहाला हाक मारली, की वाटायचं, आज विचारेल. तो हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. शोकसभेतही दोष सफाईवाल्यांनाच मिळाला. तो माझा आहे.

परवा सुकदेवच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ते खिडकीतून बघत होते. पोरीला ताप होता. मी म्हटलं, जा ना, थांबवा. तर म्हणे, राहू दे... मातीत काही असलं तर?"

मग त्यानं मला का सांगितलं नाही? की वहिनी माझं मन राखत होत्या? माझा विश्वास बसेना. त्यांनी मला गच्चीवर नेलं. सुकदेवनं नंतर रोपवाटिकेतून आणलेला एक गुग्गुळ तिथं होता, आणि बाजूच्या नळावर साबणाची झिजलेली वडी.

"त्यांचीच. मातीला हात लागला, की कोपरापर्यंत धुवायचे."

हा तोच माणूस, जो पूर्वी मातीचे हात पँटला पुसून चहाला बसायचा. मी गुग्गुळाची माती जरा उकरून पाणी घातलं. बोटं मळली. वहिनी जिना उतरेपर्यंत थांबलो, आणि मग ती वडी उचलली.