खालची पायरी

वरवट बकालला आमच्या अंगणात तीन तऱ्हेच्या शिड्या बनायच्या. रंगवाल्यांसाठी आपल्या पायांवर उभी राहणारी घोडी. चिंचा-आंबे उतरवायला एकाच बांबूची, फांद्यांचे खुंट तसेच ठेवलेली. पण बाबांच्या लेखी खरी शिडी तिसरीच, दोन बांबूंची.

जळगाव जामोदहून आणलेले भरीव बांबू सावलीत वाळवायचे, लालबुंद सळईने भोकं पाडायची, पायऱ्या ठोकून बसवायच्या, टोकांना तार आवळायची. बुड रुंद, शेंडा निमुळता. मग बाबा ती भिंतीला लावून खालच्या पायरीवर सगळा भार टाकत. जरा करकरली की गिऱ्हाइकासमोरच खोलायला घेत. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि त्याला चहा मला करावा लागायचा. मला या सोहळ्याचा वीट आला होता.

दादा घरं रंगवायचा. त्याने अ‍ॅल्युमिनियमची सरकती शिडी आणली, तेव्हा बाबा भडकले.

"लाइटच्या तारेखाली वापरशील हे? बांबू वाळला का करंट उतरू देत नाही बे. याच्यात सरसर उतरते."

"बाबा, खांदा मोडते तुमचा बांबू वागवून. जग कुठी गेलं, तुमी भोकंच पाडून राह्यले!"

मी दादाच्या बाजूने हसले. त्यानंतर बाबा त्या शिडीकडे पाहायचेसुद्धा नाहीत. दादा कामाला निघाला की मात्र दारात येऊन उभे राहायचे.

बसस्टँडच्या रस्त्यावर एका दुमजली घराचं काम चाललं होतं. शिडी न मिटता, उभीच दुसऱ्या भिंतीकडे नेताना तिचा शेंडा विजेच्या तारेला लागला. दादाला घरी आणलं तेव्हा त्याच्या बोटांवर पिवळा रंग ओलाच होता.

गावात कुणी गेलं की तिरडीचे बांबू आमच्याच अंगणातून जायचे. तिरडीला कुणी भोकं पाडत नाही. आडव्या कामट्या टाकून सुतळीने बांधल्या आणि मसणवटीपर्यंत टिकल्या की झालं. काका बांधायला बसले, तर बाबांनी त्यांच्या हातातून सुतळी काढून घेतली.

"मी करतो."

घरात मयत असताना आमच्यात चूल पेटत नाही. बाबांनी अंगणात विस्तव केला आणि सळई तापत ठेवली. जमलेली माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. जळक्या बांबूचा वास घरात माय बसली होती तिथवर गेला. मला बाबांचा राग आला, दादाचा त्याहून जास्त आला, आणि रडू काही केल्या येईना.

बाबांनी एकेक पायरी ठोकून बसवली. टोकांना तार आवळली. बुड रुंद, शेंडा निमुळता. मग ती भिंतीला लावली, खालच्या पायरीवर पाय ठेवला आणि सगळा भार टाकला.

ती करकरली नाही.

"मजबूत हाये," ते काकांना म्हणाले. "दे त्याले."

काकांनी ती त्यांच्या हातून घेतली आणि आडवी केली.