विहिरीच्या खड्ड्यातली बाई

अठ्ठावन्न-एकोणसाठचा उन्हाळा असेल. नेरजवळच्या आमच्या वावरात विहीर खणणं चालू होतं. पुरुषभर खोल गेल्यावर माणसाची कवटी लागली आणि मजुरांचे हात थांबले.

तीन वर्षांआधी माझी थोरली जाऊ भांडून घरातून गेली होती, ती आलीच नाही. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, रागीट. गावानं लगेच तर्क बांधला. संध्याकाळी फौजदारांनी पंचनामा केला, भासऱ्यांना चौकीवर नेलं आणि खड्ड्यावर शिपाई बसवला.

नवरा सगळ्यांना सांगत होता, दादा असं करणार नाही. पण मला एक आठवत होतं. जाऊ गेली त्या श्रावणातल्या संध्याकाळी भासरे गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी आले होते. दारात मीच होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

हाडांशेजारी काळी-तांबडी मडकी दिसत होती, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी नागपूरहून जुन्या अवशेषांचे एक प्राध्यापक बोलावले. ते चौथ्या दिवशी आले आणि सकाळभर ब्रशनं माती झाडत राहिले. आम्ही धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलो होतो. शेवटी ते म्हणाले, ही बाईच आहे. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला.

मग त्यांनी हरवलेल्या सुनेचं वय विचारलं. पंचवीस, सासूबाई कशाबशा बोलल्या. प्राध्यापकांनी जबडा उचलून फौजदारांना दाखवला. दाढा पार सपाट झाल्या होत्या. दगडावर भरडलेल्या धान्यातली कच जन्मभर चावून दात असे झिजतात, म्हणाले. पुढच्या दातांवर आडव्या रेघा होत्या, म्हणजे लहानपणी मोठी उपासमार नाहीतर आजारपण. मानेचे मणके ओझ्यानं झिजलेले. घोट्याच्या हाडावर उकिडवं बसून पडलेल्या खुणा. मी तेव्हा उकिडवीच बसले होते.

"ही चाळिशीची आहे," ते म्हणाले, "आणि या मडक्यांसोबत पुरलेली, हजारो वर्षांपूर्वीची."

दुपारी भासरे सुटले. त्यांच्याशी थेट बोलायची रीत नव्हती, पण अंगणात तेच माझ्यासमोर थांबले.

"त्या दिवशी मी तिले शोधाले नाल्यानं गेलतो. बाई, तुले बी वाटलं ना, मीच मारलं म्हणून?"

मी पदर ओढला. खोटं बोलवेना.

"हो," मी म्हणाले.

ते बैलांना पाणी दाखवायला गेले. जाऊचा पत्ता पुढंही लागला नाही.