उतरा म्हणणारा

आमच्या गोडदेवच्या बिल्डिंगमधला फौजी सुट्टीवर आला की आमच्या गोविंदा पथकाचा ताबा घ्यायचा. पहिल्या दिवशी फक्त पडायला शिकवायचा. स्वतः कायम सगळ्यात खालच्या थरात! वरच्यांचे पाय थरथरले की तिथूनच ओरडायचा, “उतरा!” मग थांबायची कोणाची बिशाद!

गेल्या वर्षी तो सीमेवर शहीद झाला. यंदा त्याच्यासाठी म्हणून आम्ही चार थर लावले आणि चक्क लागले! हंडी फुटली, दही माझ्या नाकात गेलं, आम्ही वेड्यासारखे हसत सुटलो. पाय लटपटायला लागले तरी कोणी हलेना. मी खेकसले, “अरे, कोणीतरी उतरा म्हणा ना!” ते कोणी म्हणायचं, हे ठरवायचंच राहिलं होतं.

तेवढ्यात गर्दीतून त्याची आई खणखणीत ओरडली, “उतरा!”

आम्ही मुकाट्याने उतरलो.