वेल्डाचा बोंबल्या जनरेटर

वेल्डाचं डोकं जनरेटरच्या दुकानातच फिरलं. प्रश्न ती विचारत होती आणि विक्रेता उत्तरं तिच्या नवऱ्याला देत होता. "साहेब, हा छोटा घ्या. आवाज म्हणाल तर कुजबुजल्यासारखा. बाईमाणसालाही उचलता येतो." नाकात ऑक्सिजनची नळी लावलेला ऑरिन मान डोलावत होता.

"यावर त्याचं ऑक्सिजनचं यंत्र आणि एसी, दोन्ही एकदम चालतील?" वेल्डाने विचारलं.

"आलटून पालटून चालवा की."

"म्हणजे श्वासही त्याने आलटून पालटून घ्यायचा?" म्हणत तिने कोपऱ्यातलं लाल धूड उचलायला लावलं.

ऑरिन वाटभर कुरकुरला. एकसष्ट सालचा एक प्रवासी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, त्याने गंजक्या सांगाड्यापासून उभा केला होता. ॲरिझोनाच्या वाळवंटात जुन्या ट्रेलरांचा मेळावा भरतो, तिथे तो मांडायचा, एवढी एकच हौस उरली होती. पुढच्या वर्षाचं डॉक्टर काही बोलत नव्हते.

"हा भोंगा लावल्यावर माझ्या ट्रेलरकडे कोण बघणार?"

"आणि तू गेल्यावर मी कशाला बघू त्याच्याकडे?"

मेळाव्यात दारं उघडून लोकांना आत घ्यायची वेळ झाली. त्या वेळी जनरेटर बंद, असा तिथला नियम. लोकांना जुना काळ अनुभवता यावा म्हणे. जळला मेला तो नियम. बाहेर अंग भाजून निघत होतं, आणि मेळावा भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लॉइल इस्त्रीच्या शर्टात हजर. "अगं वेल्डा, लोक खोळंबलेत. बंद कर, नाहीतर दार लावून घे, तुमचा ट्रेलर दाखवायचा नाही."

आतून ऑरिन म्हणाला, "कर बंद. काढेन मी थोडा वेळ नळीशिवाय."

लॉइलपेक्षा याचाच तिला जास्त संताप आला. ट्रेलर बघायला आलेल्या लोकांना नळी दिसू नये म्हणून हा माणूस गुदमरायला तयार होता.

तिने दार सताड उघडलं. "या आत. पडदे मी शिवलेत. शेगडी त्या काळचीच आहे. आणि हे सगळं ज्याने केलं तो हा ऑरिन. तो या आवाजावर श्वास घेतोय. लॉइल, बटण मागे आहे. त्याच्याकडे बघ आणि मग जाऊन दाब."

लॉइल जागचा हलला नाही. रांगेतली एक म्हातारी मात्र आत शिरली आणि ओरडून म्हणाली, "शेगडी कुठे मिळाली हो?"

ऑरिन दम घेत, थांबत थांबत सांगू लागला. जनरेटरच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून लोक त्याच्याजवळ सरकून बसले.

वेल्डाचा राग काही उतरला नाही. कोणी बटण दाबू नये म्हणून तिने जनरेटरला टेकून खुर्ची टाकली आणि संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसून राहिली.