कवड्यांचा आरसा
"व्हय, कोकणातून आणल्या," धाकटी जाऊ म्हणाली, आणि माझ्या लेकीला बघायला आलेले पाहुणे जावेच्या भिंतीवरचा कवड्या लावलेला आरसा बघतच राहिले. आमच्या घरात अंधार, म्हणून नवऱ्यानं पाहुणे तिच्याच हॉलात बसवले होते. निळ्या भिंती, पांढरे पडदे, सगळं समुद्रासारखं. समुद्र तर तिनंही पाहिला नव्हता. माझा जळफळाट झाला. "काहून खोटं बोलून राहिलीस? माह्या बैलाच्या माळेतल्या कवड्या हायेत त्या. पोळ्यानंतर मागून नेल्यास!" पाहुणा हसला, "मग बैल कोकणचा असंल!" सगळे हसले, लेकसुद्धा. सोयरीक जमली. लग्नात जावेनं तो आरसाच आहेर केला. लेक अजून आल्यागेल्याला सांगते, काकूनं दिलेला कोकणचा आरसा. बैल गेला, जाऊ गेली. खरं सांगायला मी एकटी उरले.