पंचानं माझ्या दाढा मोजल्या

“आ कर.”

पंच माझ्यासमोर उभा होता. गळ्यात शिट्टी. दुसऱ्या डावाला मैदानात उतरणार, तेवढ्यात त्याने मला टेबलापाशी बोलावलं. मला वाटलं, नखं बघायची असतील. कबड्डीत बघतात. मी हात पुढे केले.

“हात न्हाई. तोंड. मोठा आ कर.”

मी तोंड उघडलं. त्याने माझी हनुवटी धरली आणि बोट आत घातलं. बोटाला तंबाखूचा वास. एकेक दाढ दाबत तो पार मागपर्यंत गेला. मला उमासा आला. भोवती सगळं गाव जमलेलं.

“चार दाती का सहा दाती रं?” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मैदान हसलं. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेताना असंच तोंड उघडून वय बघतात.

मी सातवीत होते. आम्ही ठाकर. नाणेघाटाच्या अलीकडे आमची वाडी. तालुक्याच्या चौदा वर्षांखालच्या स्पर्धेला आमची आश्रमशाळा एका बागायती गावात आली होती. पहिल्या डावात मी एकटीने चढायांवर त्या गावच्या निम्म्या पोरी बाहेर काढल्या. मग त्यांचे सर उठले. म्हणाले, “ही पोरगी चौदाची वाटती का?”

पंचाने आमची यादी उघडली. बारापैकी नऊ जणींची जन्मतारीख एक जून.

“एकाच दिवशी जन्मल्या काय सगळ्या?”

ती तारीख आमच्या गुरुजींनी लिहिलेली. पोर शाळेत आलं की उंची बघायची, वर्ष ठरवायचं, एक जून टाकायची. गुरुजी टेबलाशेजारीच उभे होते. एवढं त्यांनी सांगायला हवं होतं. ते स्वतःच्या चपलेकडे बघत राहिले.

“मागच्या दाढा आल्यात हिला,” बोट रुमालाला पुसत पंच म्हणाला. “संघ बाद.”

माझ्यामुळे अकरा पोरी बाद. परतीच्या जीपमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही.

आय म्हणाली, “मपली लेक उन्हाळ्यात, रानात बाळहिरडा वेचायच्या दिसात झाली. तेरा सरली तिला, चौदावं चालूय. मला इचारायचं व्हतं त्यांनी.”

आयला कोण विचारतं? आयचं सांगणं म्हणजे कागद नव्हे.

पुढे वर्षभर मी तोंडावर हात ठेवून हसायचे. मग शाळेत दातांच्या डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. सगळ्या पोरी गेल्यावर मी हळूच विचारलं, “बाई, मागची दाढ कवा येती?”

“साधारण बाराव्या वर्षी. अक्कलदाढ मात्र सतरानंतर.”

बाराव्या वर्षी. म्हणजे त्या माणसाला काहीच येत नव्हतं. त्याच्याकडे नुसती शिट्टी होती. त्या दिवसापासून मी तोंडावरचा हात काढला.

सोळाव्या वर्षी जिल्ह्याच्या सतरा वर्षांखालच्या निवडचाचणीला गेले. पंच दुसरा. यादीतली एक जून बघून त्याने मान वर केली. वाडीचं नाव वाचलं. “तोंड उघड.”

“न्हाई उघडणार.”

मी रांगेतल्या पुढच्या पोरीकडे बोट दाखवलं. मोठ्या शाळेची. माझ्यापेक्षा वीतभर उंच. “आधी तिचं बघा. मंग सगळ्यांचं बघा.”

“तिच्याकडं हॉस्पिटलचा दाखला हाय.”

“मंग मलाबी डॉक्टर तपासंल. तुमी न्हाई.”

“लई शिकलीस गं! व्हय बाजूला.”

झाले बाजूला. पण मान खाली घातली नाही. मैदानाच्या मधून चालत बाहेर आले. त्यांनी मला खेळवलंच नाही. आमच्या सरांना म्हणाले, पोरगी उद्धट आहे.

ती उंच पोरगी राज्यपातळीवर खेळली. खेळाच्या कोट्यातून आज पोलिसात आहे. तिच्यावर माझा राग नाही, ती चांगली खेळायची. पण तिला कुणी आ करायला सांगितलं नाही. राज्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून माझा अर्ज कुठेच चालत नाही. मी पिंपरी पेंढारला कांदा काढायला जाते. संध्याकाळी वाडीवरच्या पोरींना चढाई शिकवते.

आणि वाडीत बाळंतीण झाली की एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जाऊन उभी राहते. पोराची खरी तारीख नोंदवून घेते. “उद्या ये,” म्हणतात. उद्या जाते. परवाही जाते. एक जूनला जन्मलेलं असेल तरच एक जून.

यंदा मी शिकवलेल्या पोरी चाचणीला चालल्यात. चाचणीवाल्यांचा निरोप आलाय, “पोरी पाठवा, तिला नको. ती वाद घालती.”

मी जाणार. माझ्या पोरीबद्दल ज्याची हरकत असेल, त्याने ती कागदावर लिहायची. खाली स्वतःचं नाव घालायचं, सही करायची. तोवर माझी एकही पोरगी मैदान सोडणार नाही.