शेठचा काळा कोट

बायको गेली त्याच्या चार दिवस आधी आम्ही दोघं दारात बसून बोहारणीशी घासाघीस करत होतो. माझा जुना खाकी कोट बायकोने तीनदा झटकला, खिसे उलटे केले, अस्तर चाचपलं, मगच दिला. बदल्यात पातेलं मिळालं. "बघून दिलेलं बरं. पुन्हा पंचनामा नको," म्हणाली आणि हसली. ज्या केसवरून ती हसली, ती मी अजून विसरलेलो नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी मुलुंडच्या पोलीस ठाण्यात जमादार होतो. शिक्षण चौथी. हद्दीत एक शेठ राहायचे, शेअर बाजारात त्यांचं नाव मोठं. सुरुवात मात्र दलालाच्या शिपायापासून. कागद पोचवताना खिसेकापूंची भीती, म्हणून कोटाच्या अस्तरात चोरखिसा शिवलेला. पुढे स्वतः शेअर घ्यायला लागले. जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या दरवाजावर उभं राहून कामगारांना विचारायचे, पगार वेळेवर होतो का? होत असेल तरच घ्यायचे, आणि घेतलं की विकायचे नाहीत. बाजार कोसळला, लोक रडत विकत सुटले, हे घरी केळी खात बसले. श्रीमंत झाले, पण कोट तोच. काळा, कोपरात विरलेला.

एका सकाळी तेच ठाण्यात हजर. खुंटीवरचा कोट गेला होता, आणि चोरखिशात नवे घेतलेले शेअर. अजून नावावर व्हायचे होते, म्हणजे ज्याच्या हातात त्याचे.

फिर्याद घेतली, घरी जाऊन पंचनामा केला. दुपारी पानवाल्याने खबर दिली, त्यांचा महाराज काल काळा कोट घेऊन मागच्या गल्लीत गेला होता. महाराज म्हणजे स्वयंपाकी, वीस वर्षं त्या घरात. त्याला आणला.

"कोट तू नेलास?"

"नेला."

"कुणाला दिलास?"

गप्प.

"अरे, आत जाशील. पोरीचं लग्न ठरलंय ना तुझ्या?"

"ठरलंय, साहेब." डोळ्यांत पाणी.

मी एक थोबाडीत मारली. लपवत नाही. फौजदारसाहेब म्हणाले, उद्या कोर्टात उभा करा.

चोर शपथा घेतो, दुसऱ्यावर ढकलतो. हा 'नेला' म्हणतो आणि गप्प बसतो. मला जेवण जाईना. बायको भाकरी थापत होती, तिला सगळं सांगितलं.

"तो कुणाला तरी पाठीशी घालतोय. अहो, त्या घरात नवीन भांडं दिसलं का?"

"भांड्याचा काय संबंध?"

"तुम्हाला पोलिसात घेतलं कुणी हो? जुने कपडे घरातून जातात कुठे?"

तेव्हा आठवलं. पंचनाम्याच्या वेळी शेठाणींनी चहा केला होता. घरातली सगळी भांडी पितळेची, पोचे आलेली. साखरेचा डबा तेवढा चकचकीत स्टीलचा, आणि तेव्हा स्टील म्हणजे नवलाई.

ताट तसंच ठेवून शेठच्या घरी निघालो. डब्याकडे बोट दाखवलं तशा शेठाणी मटकन खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात शेठचा सत्कार होता. तिथे हा फाटका कोट नको, म्हणून महाराजाच्या हातून बोहारणीला दिला, कुणाला सांगू नको म्हणून बजावलं. आत कागद होते हे कळल्यावर तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

बोहारीण भांडुपला सापडली. कोट गाठोड्यात, कागद अस्तरात, तसेच. ठाण्यात शेठाणी मान खाली घालून उभ्या. शेठने कोट बघितला, मग बायकोकडे बघितलं. आम्हाला वाटलं, आता भडकतात.

"या कोटाला एकच डबा? अगं, दोन मागायचे ना!"

सगळं ठाणं हसलं. महाराजसुद्धा. मी त्याच्यापुढे जाऊन म्हणालो, "चुकलो."

"जाऊ द्या साहेब. लग्नाला या."

गेलो, दोघंही. चांगल्या चार-चार जिलब्या खाल्ल्या.

गप्प बसणारा गुन्हेगारच असतो असं नाही, हे मला त्या केसने शिकवलं. आणि अडलं की घरी विचारावं. फौजदार होऊन निवृत्त झालो तोवर विचारत आलो. सुखाची नोकरी झाली माझी.

बायकोचा तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं दिलेली तीच बोहारीण दारात आली. "बाबा, बाईंची लुगडी असतील ना? मोठं पातेलं देते."

मी ट्रंक उघडली. एकेक लुगडं झटकलं, पदर चाचपले, बायकोने कोट चाचपला तसे. मग पुन्हा घड्या घातल्या.

"दोन देते, बाबा."

"विकायचं नाही," म्हटलं. "बस. चहा घेऊन जा."